माळरानासाठी पैसा मुंबईचा, मग जर्मनीचा

मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची छोटी कपात असते. आज वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये. १९७५ साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला बसली होती. त्या हातांना हक्काचं काम द्यायची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि शहरी पगारदारांच्या पैशातून कोरडवाहू भागात नालाबांध, पाझर तलाव उभे राहिले. मुंबईकरांना याचा अभिमान वाटायला हवा, पण बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

अडचण वेगळीच होती. काम कुठे काढायचं ते सरकारी यंत्रणा ठरवायची. मजुरी संपली की अनेक ठिकाणी बांधाला वाली उरत नसे, गाळ भरत जाई.

फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट, म्हणजे एका ख्रिस्ती संघाचे धर्मगुरू. १९४८ मध्ये भारतात आले आणि पुढची कित्येक दशकं त्यांनी अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात काढली. त्यांच्याच पुढाकाराने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम, म्हणजे डोंगरउतारावरचं पाणी आणि माती अडवायचं काम, प्रत्यक्षात आला. पैसा जर्मन सरकारचा. तो मुंबईत मुख्यालय असलेल्या नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेमार्फत गावाच्या पाणलोट समितीपर्यंत जाई. गावांना तयार करण्यासाठी १९९३ मध्ये ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था निघाली.

पैशाआधी अटी होत्या. ग्रामसभेचा ठराव हवा, श्रमदान हवं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायला हवी. आधी छोट्या क्षेत्रावर वर्ष-दीड वर्ष काम करून दाखवायचं, मगच पुढचा निधी. काम माथ्यावरून पायथ्याकडे यायचं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की यातल्या मुख्य अटी युरोपात ठरलेल्या नव्हत्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे राळेगणसिद्धीने आधीच अंगवळणी पाडलं होतं. जर्मनीच्या पैशाने नगरच्या गावांची शिस्त मान्य केली.

या शिस्तीची किंमत मात्र सगळ्यांनी सारखी मोजली नाही. डोंगर बंद झाला की ज्याची विहीर आहे त्याचं पाणी वाढतं. ज्याच्याकडे फक्त शेळ्या-मेंढ्या आहेत त्याचं चराऊ रान जातं. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत हा प्रश्न उघडपणे पुढे आला. मेंढपाळ आणि भूमिहीन ठराव होताना सभेत बसलेले असायलाच हवेत.

शेतातल्या मातीची कहाणी त्याहून जुनी. वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये इंग्लंडहून आले. इथल्या शेतकऱ्यांना गुरू मानत त्यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली. तीच पुढे जगभरच्या सेंद्रिय शेतीचा पाया ठरली. आज ‘रीजनरेटिव्ह’ (मातीचा कस परत आणणारी) शेती या नावाने जे परदेशातून येतं, त्यात तिचा मोठा वाटा आहे.

१ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि मुंबईतल्या कार्यालयांतून माती-पाण्याच्या कामाला पुन्हा पैसा जाऊ लागला आहे. पण २०२१ च्या नियमांनी चालू प्रकल्पाला, सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून, तीनच वर्षांची मुदत दिली आहे. त्यातलं वर्ष-दीड वर्ष गावाला एकमत करायला द्यायची तयारी किती कंपन्या दाखवतील, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.