जुनी मराठी पुस्तकं नेटवर आली कुठून? डीएलआयची पार्श्वभूमी

इंटरनेट अर्काइव्ह या फुकट ऑनलाइन लायब्ररीत एखादं जुनं मराठी पुस्तक उघडलं की बऱ्याचदा खाली 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया (म्हणजेच डीएलआय) आयटम २०१५' आणि पुढे एक नंबर दिसतो. ते २०१५ पुस्तक छापल्याचं साल नाही, तो आयटमच्या नंबराचाच भाग आहे. पण त्या नंबरामागे बरंच काही घडलंय आणि आपण रोज त्यातली पुस्तकं वापरतो म्हणून एकदा नीट सांगावंसं वाटलं.

सुरुवात होते अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात. तिथले राज रेड्डी, मूळचे आंध्रातल्या कातूर गावचे, १९९४ चं ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे कॉम्प्युटर सायन्समधला सर्वात मोठा पुरस्कार, मिळालेले. त्यांचं म्हणणं होतं की दहा लाख पुस्तकं स्कॅन करून कुणालाही फुकट वाचता येतील अशी ठेवायची. हा मिलियन बुक प्रोजेक्ट, आणि गूगलने पुस्तकं स्कॅन करायला मोठ्या लायब्ऱ्यांशी करार जाहीर केले ते डिसेंबर २००४ मध्ये, म्हणजे हे काम त्याच्या आधीच सुरू झालेलं होतं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने मशिनरी वगैरेसाठी चार वर्षांत ३६ लाख डॉलर्सच्या आसपास दिले, माणसं आणि पुस्तकं भारत-चीनमधली, आणि पुढे इजिप्तची अलेक्झांड्रियाची लायब्ररीही त्यात आली. आपल्याकडे बंगळुरूची आयआयएससी आणि हैदराबादची ट्रिपल आयटी पुढे होत्या, शिवाय ठिकठिकाणच्या विद्यापीठांच्या, संस्थांच्या लायब्ऱ्यांनी कपाटं उघडून दिली. २००३ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते डीएलआयचं, म्हणजे या प्रोजेक्टच्या भारतातल्या भागाचं, पोर्टल सुरू झालं.

२००७ अखेर सगळ्या देशांतल्या पुस्तकांचा एकूण आकडा १५ लाखांवर गेला, २० भाषा. त्यात चिनी साडेनऊ लाखांच्या वर, तेलुगू ५० हजारांच्या घरात. आकडा मोठाच आहे, पण माझ्या मते सगळा जोर आकड्यावरच गेला आणि कॅटलॉगकडे दुर्लक्ष झालं, त्याचा त्रास आपल्याला अजून होतोय.

म्हणजे बघा, नावं रोमनमध्ये टाईप केलेली आणि तीही एका विचित्र पद्धतीने, ट लिहायचा तर टी आणि पुढे अपॉस्ट्रॉफी, मग 'मराठी' असं साधं सर्च केलं तर सापडणार कसं? कुठे लेखकाच्या जागी संपादक, कुठे सालच चुकलेलं, कुठे पानं गायब, कुठे पान तिरकं. आणि वाचायचं कसं तर प्रत्येक पान वेगळी टिफ फाईल (म्हणजे पानाचा फोटो), ती ब्राउझरमध्ये दिसायला वेगळा प्लगइन टाकायचा, एक पान उघडायचं, थांबायचं, मग पुढचं. शेवटी लोकांनीच डाउनलोडर प्रोग्रॅम बनवले, जे सगळी पानं ओढून एक पीडीएफ करून द्यायचे. ज्यांनी ते बनवले आणि फुकट वाटले त्यांचे मराठी वाचकांवर खरंच उपकार आहेत.

आणि मग २०१७ मध्ये डीएलआयची साईट बंद झाली! कारण कॉपीराइट. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो (आधी ५० होती, टागोरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा वाढवली), आणि स्कॅनिंगच्या घाईत ही तपासणी नीट झाली नव्हती, हक्क शिल्लक असलेलीही बरीच पुस्तकं आत गेली होती. तक्रारी येणारच होत्या. पण त्यापायी १८८० चं पुस्तकसुद्धा बंद व्हावं हे मला अजिबात पटत नाही.

वाचलं ते एवढ्यामुळे की कार्ल मालामूद यांच्या पब्लिक रिसोर्स या अमेरिकन संस्थेने तोवर चार लाखांहून जास्त पुस्तकांच्या कॉपी इंटरनेट अर्काइव्हवर चढवल्या होत्या. नाहीतर हे सगळं स्कॅनिंग पुन्हा पहिल्यापासून करायची पाळी आली असती आणि तोवर ती पिवळी, हात लावला की तुटणारी पानं टिकली असती का, कोण जाणे. म्हणून मला वाटतं, लायब्ऱ्या एकत्र येऊन पुस्तकं ऑनलाइन आणतात तेव्हा स्कॅनरइतकंच महत्त्वाचं हे की कॉपी एकाच सर्व्हरवर, एकाच ऑफिसच्या ताब्यात नसावी.

अर्काइव्हवर आल्यावरही सुरुवातीला मराठी पुस्तकांवर 'या भाषेचं ओसीआर (पानाच्या फोटोवरून अक्षरं ओळखणं) होत नाही' अशा अर्थाची नोंद असायची, म्हणजे आतला मजकूर सर्च होत नव्हता. २०२० च्या सुमारास त्यांनी टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याला मराठी येतं, तेव्हापासून हळूहळू सुधारणा आहे, जोडाक्षरं अजून चुकतात. नाव मात्र अजूनही दोन-तीन स्पेलिंगने टाकून बघा, देवनागरीत नाही मिळालं तर रोमनमध्ये, आडनाव आधी टाकून, आणि अपॉस्ट्रॉफीसकट.