फ्रॉस्ट/निक्सन

फ्रॉस्ट/निक्सन : अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९७७ साली ब्रिटिश टीव्ही सूत्रसंचालक डेव्हिड फ्रॉस्ट यांना दिलेल्या मुलाखतींवर आधारलेला इंग्रजी चित्रपट (२००८). दिग्दर्शक रॉन हॉवर्ड. पटकथा पीटर मॉर्गन यांची, त्यांच्याच २००६ च्या नाटकावरून. हे नाटक प्रथम लंडनच्या डॉनमार वेअरहाउस या नाट्यगृहात झाले. त्यात निक्सन झालेले फ्रँक लँजेला आणि फ्रॉस्ट झालेले मायकेल शीन हीच जोडी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गेली आणि पुढे पडद्यावरही आली.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला निक्सन आठवतात ते १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागराकडे ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका धाडणारे म्हणून. अमेरिकेत मात्र त्यांच्या नावाला कायमचा चिकटला तो वॉटरगेटचा डाग. जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतल्या, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घुसखोरी झाली, ती दडपण्याचे निक्सन यांचे प्रयत्न उघडकीस आले आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले. महिनाभरातच त्यांचे उत्तराधिकारी जेरल्ड फोर्ड यांनी त्यांना पूर्ण माफी देऊन टाकली. खटल्याची वाटच बंद झाली. जे प्रश्न न्यायालयात विचारले जायला हवे होते ते विचारायला शेवटी पुढे आला तो हलक्याफुलक्या गप्पांसाठी ओळखला जाणारा एक टीव्हीवाला. चित्रपटाचे सगळे नाट्य या विजोड जोडीत आहे.

निक्सन यांना सहा लाख डॉलर आणि नफ्यात वाटा द्यायचे ठरले. पैसे मोजून मुलाखत घेणे बड्या वाहिन्यांना पटेना. तेव्हा फ्रॉस्ट यांनी पदरमोड केली, उसनवारी केली, जाहिरातदार गोळा केले आणि एकेका स्थानिक केंद्राला कार्यक्रम विकला. मार्च-एप्रिल १९७७ मध्ये बारा दिवस, एकूण अठ्ठावीस तासांहून अधिक चित्रीकरण झाले. निक्सन यांच्या सॅन क्लेमेंटीच्या बंगल्याजवळच्या तटरक्षक दलाच्या रेडिओचा अडथळा येई, म्हणून जवळचेच दुसरे घर घेतले होते. ४ मे रोजी दाखवलेला वॉटरगेटवरचा पहिला भाग सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला.

चित्रपट ही मुलाखत कुस्तीसारखी रंगवतो. सुरुवातीचे डाव निक्सन यांचे. एका साध्या प्रश्नावर ते आठवणींचे असे चऱ्हाट लावतात की फ्रॉस्ट यांना मध्ये बोलायला फटच सापडत नाही. लँजेला हुबेहूब नक्कल करत नाहीत, आणि तेच योग्य आहे. खांदे किंचित पुढे झुकलेले, आवाज खर्जातला, हातात रुमाल. १९६० च्या निवडणुकीतले प्रतिस्पर्धी जॉन केनेडी यांच्याबरोबरच्या टीव्ही चर्चेत घामेजलेल्या चेहऱ्याने घात केला, हे निक्सन विसरलेले नाहीत. म्हणून वरचा ओठ टिपायला तो रुमाल. शेवटी शब्द संपतात आणि कॅमेरा त्या चेहऱ्यावर स्थिरावतो. गाल ओघळलेले, नजर कुठेच न लागणारी. शेकडो पानांच्या आरोपपत्राने जे साधले नसते ते या काही क्षणांत घडते.

मॉर्गन यांनी इतिहासात केलेले फेरफार मात्र माहीत असायला हवेत, कारण आज अनेक जण ही मुलाखत चित्रपटातूनच ओळखतात. रात्री उशिरा दारूच्या भरात निक्सन फ्रॉस्ट यांना फोन करतात, तो प्रसंग काल्पनिक आहे. दोघांच्याही मनातला ‘मोठ्या घरच्यांनी आपल्याला तुच्छ लेखले’ हा सल त्यातून उघडा पडतो, म्हणून ती सूट मान्य व्हावी. दुसरा बदल गंभीर आहे. राष्ट्राध्यक्षाने एखादी गोष्ट केली की ती बेकायदा ठरत नाही, या आशयाचे निक्सन यांचे कुप्रसिद्ध वाक्य चित्रपटात वॉटरगेटच्या उलटतपासणीत येते. प्रत्यक्षात ते ‘ह्यूस्टन योजने’बद्दलच्या, म्हणजे देशातल्याच विरोधकांवर पाळत ठेवण्याच्या आणि त्यासाठी घुसखोरीही करण्याच्या १९७० मधल्या बेताबद्दलच्या प्रश्नावर आले होते आणि वेगळ्या भागात दाखवले गेले. जागा बदलल्याने ते चिडीच्या भरात निसटलेले वाटते. खरे तर तो त्यांचा शांतपणे मांडलेला सिद्धान्त होता, आणि म्हणूनच जास्त भयंकर.

निर्णायक क्षणाचेही तसेच. पडद्यावर निक्सन यांचे सहायक जॅक ब्रेनन (केव्हिन बेकन) आत घुसून चित्रीकरण थांबवतात. प्रत्यक्षात त्यांनी कॅमेऱ्याआडून ‘त्यांना बोलू द्या’ असे लिहिलेला कागद धरला होता; फ्रॉस्ट यांनी तो ‘आपण बोलू या’ असा वाचला आणि स्वतःच विश्रांती घेतली. त्यानंतर निक्सन यांनी आपण मित्रांना, देशाला आणि राज्यव्यवस्थेला दगा दिल्याचे मान्य केले. गुन्हा केला, असे मात्र म्हटले नाही. चित्रपट पाहून अनेकांना पूर्ण कबुली मिळाल्यासारखे वाटते. मूळ चित्रफितीतला माणूस शेवटपर्यंत शब्द तोलून बोलतो.

लँजेला यांना या भूमिकेसाठी रंगभूमीचा टोनी पुरस्कार (२००७) मिळाला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर नामांकने होती. पुरस्कार एकही मिळाला नाही.