व्यसनोपचार संशोधन-जाळे

व्यसनोपचार संशोधन-जाळे : व्यसनावरील उपचार आणि प्रतिबंधाचे उपाय अनेक गावांतील रुग्णालये, व्यसनमुक्ती केंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांत एकाच आराखड्याने तपासणारी व्यवस्था. रुग्ण निवडण्याचे निकष, नोंदी आणि मोजमाप सगळीकडे सारखे असते. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा, हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरते. त्यामुळे एखाद्या डॉक्टरच्या हातगुणाचा भाग बाजूला काढून उपचाराचा स्वतःचा गुण किती, ते कळते.

व्यसनाच्या बाबतीत अशा तपासणीची गरज अधिक आहे. शपथ घालणे, माळ घालणे, काही आठवडे केंद्रात ठेवणे, हे उपाय घरोघरी माहीत आहेत. इंदूरच्या रामबागेतले मराठी कुटुंबही यापेक्षा वेगळे करत नाही. ज्याची दारू सुटली तो सभेत उभा राहून अनुभव सांगतो. ज्याची सुटली नाही तो सभेला येतच नाही. म्हणून ऐकणाऱ्याला प्रत्येक उपाय रामबाण वाटतो. अयशस्वी झालेल्यांचीही मोजणी होईल, अशी सोय संशोधन-जाळ्यात असते.

अमेरिकेत संशोधन आणि प्रत्यक्ष उपचार यांच्यातील दरी दाखवणारा अहवाल 1998 मध्ये आला आणि 1999 मध्ये तेथील राष्ट्रीय व्यसन-संशोधन संस्थेने (NIDA) विद्यापीठे व स्थानिक उपचार केंद्रे यांचे जाळे उभारले. त्यातील एका चाचणीत अफूजन्य वेदनाशामकांची सवय जडलेले 653 रुग्ण होते. त्यांतले 360 जण दुसऱ्या टप्प्यात गेले. ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन (अफूची ओढ आणि ती सोडतानाचा त्रास शमवणारे औषध) चालू असेपर्यंत त्यांपैकी सुमारे 49 टक्के ठीक राहिले. औषध हळूहळू बंद करून आठ आठवडे उलटले, तेव्हा जेमतेम 9 टक्के. ‘आता बरा झालाय, गोळ्या कशाला?’ असे प्रेमापोटी म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हे आकडे वाचावेत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत 570 रुग्णांवर हेच औषध आणि महिन्यातून एकदा घ्यायचे, अफूचा परिणाम रोखणाऱ्या नॅलट्रेक्सोनचे इंजेक्शन यांची तुलना झाली. इंजेक्शन गटातील चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांना उपचार सुरूच करता आले नाहीत, कारण त्याआधी शरीर अफूमुक्त करावे लागते आणि व्यसनी ज्याला ‘टर्की’ म्हणतात तो त्रास सोसवत नाही. एकदा सुरू झाल्यावर मात्र दोन्ही औषधे जवळपास सारखीच ठरली.

भारतात सर्वांत मोलाचा पुरावा गोव्याचा आहे. तेथील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत जास्त दारू पिणाऱ्या 377 पुरुषांवर चाचणी झाली. निष्कर्ष 2017 मध्ये आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी चारपर्यंत बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के आणि इतरांपैकी 26 टक्के धोक्याच्या पातळीबाहेर आले होते. फरक डोळे दिपवणारा नाही. पण केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या 2019 च्या सर्वेक्षणानुसार दारूचे अवलंबित्व असलेल्या सुमारे 38 जणांत एकालाच उपचार मिळतात. तिथे तालुक्याच्या ठिकाणी करता येण्याजोगा उपाय हाती असणे फार मोठी गोष्ट आहे.

माळव्याला या संशोधनाची निकड आहे. एकोणिसाव्या शतकात इथली अफू इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांमार्फत मुंबईहून चीनला जाई. आजही मंदसौर, नीमच आणि रतलाम जिल्ह्यांत परवान्याने खसखशीची शेती होते आणि नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. म्हणून इथल्या चाचणीत दारूबरोबर अफू, डोडाचुरा (खसखशीच्या वाळलेल्या बोंडांचा चुरा) आणि ब्राऊन शुगर (अशुद्ध हेरॉइन) धरावी लागेल. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि लगतच्या जिल्ह्यांची आरोग्य केंद्रे एका सूत्रात आली, तर शहर आणि खेडे यांतला फरकही तपासता येईल.

प्रतिबंधाच्या उपायांनाही हीच शिस्त लागू होते. मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2025 पासून 19 धार्मिक नगरांत व गावांत दारूविक्री बंद केली. त्यांत उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर आणि मंदसौर आहेत, इंदूर नाही. धोरणाने आपोआप पाडलेली ही विभागणी संशोधकाला सहसा मिळत नाही. दोन्हीकडचे अपघात, यकृताच्या आजारांमुळे होणाऱ्या भरत्या, घरगुती मारहाणीच्या तक्रारी, शेजारच्या गावांतली दारूविक्री आणि हातभट्टी यांची बंदीपूर्वीची व नंतरची नोंद शेजारी शेजारी ठेवली, तर बंदीने पिणे कमी झाले की केवळ काही किलोमीटर सरकले, याचे उत्तर मिळू शकते.