मस्टँगच्या तळावरचे साल: संग्राहक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे मूल्यमापनासाठी येणाऱ्या फोर्ड मस्टँग या मोटारीच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांबरोबर बहुतेक वेळा एकाच आशयाची चिठ्ठी असते: ‘तळावर १९८३ कोरलेले आहे, म्हणजे गाडी चाळीस वर्षांहून जुनी आहे, तरी योग्य किंमत कळवावी.’ गाडी हातात घेताच ती दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असल्याचे दिसते, आणि मग तेच स्पष्टीकरण फोनवर पुन्हा द्यावे लागते. गेल्या दिवाळीत एक गृहस्थ अशाच समजुतीने पहाटेची एसटी पकडून नाशिकहून आले होते. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवताना आम्हांलाच संकोच वाटला. म्हणून हे पत्रक छापून घेतले आहे. गाडी विकण्यासाठी किंवा तपासण्यासाठी पाठवण्यापूर्वी ते एकदा वाचावे, ही विनंती.

अशा प्रत्येक खेळण्याशी तीन साले जोडलेली असतात. पहिले साल खऱ्या मोटारीचे, म्हणजे खेळणे ज्या मॉडेलची प्रतिकृती आहे त्याचे. दुसरे साल साच्याच्या स्वामित्वहक्काचे, आणि तिसरे साल तुमच्या हातातला नग कारखान्यातून बाहेर पडला त्याचे. यांपैकी तळावर, गोलातल्या ‘सी’च्या खुणेपुढे, जे साल दिसते ते दुसरे होय. ते साच्यातच कोरलेले असल्यामुळे साचा जितकी वर्षे चालतो तितकी वर्षे तेच साल प्रत्येक नगावर उमटत राहते. मधल्या काळात रंग बदलतो, चाके बदलतात, दारांवरचे छापील पट्टे बदलतात, कधी कधी कारखान्याचा देशही बदलतो, पण साल मात्र तसेच राहते. मॅटेल कंपनीच्या हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांपैकी १९६५च्या उघड्या टपाची मस्टँग याचे नेहमीचे उदाहरण आहे. तिच्या तळावर १९८३ आहे, ती दुकानांत आली १९८४ साली, आणि तोच साचा पुढे कित्येक वर्षे वेगवेगळ्या रंगांत वापरला गेला. त्यामुळे नावात ६५, तळावर ८३ आणि प्रत्यक्षात २००० नंतर बनलेली अशी गाडी सहज सापडते आणि त्यात कोणतीही फसवणूक नसते. सर्वांत मौल्यवान गाड्याही या नियमाला अपवाद नाहीत. मॅटेलने १९६८ साली हॉट व्हील्सच्या ज्या पहिल्या सोळा गाड्या काढल्या त्यांत ‘कस्टम मस्टँग’ होती, पण तिच्या तळावर १९६७ असे वाचायला मिळते.

मग तिसरे साल कसे ओळखावे? प्रथम त्याच तळावर देशाचे नाव पाहावे. सुरुवातीच्या हॉट व्हील्स अमेरिकेत आणि हाँगकाँगमध्ये बनत. मलेशियातील उत्पादन १९८०च्या दशकात सुरू झाले आणि थायलंडचे नाव त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दिसू लागले. तळावर मलेशिया किंवा थायलंड असेल तर ती गाडी साठच्या दशकातली असणे शक्यच नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या चौकश्यांचे उत्तर घरबसल्या मिळेल. त्यानंतर तळाच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत छापलेला, एक इंग्रजी अक्षर आणि दोन अंक असा संकेत शोधावा. २००८पासून हॉट व्हील्सवर तो दिला जातो. अक्षर वर्षाचे असते आणि अंक आठवड्याचे. २००८साठी ‘ए’ धरून पुढे मोजत गेल्यास ‘एच २३’ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा होतो. संकेत दिसावा म्हणून तळ घासू नये. तिरपा उजेड आणि साधे भिंग पुरते.

चाकांवरून काढलेल्या अनुमानाबद्दल मात्र सावध राहावे. टायरवर लाल रेघ असलेली चाके हॉट व्हील्सने १९७७पर्यंत दिली, म्हणून ‘लाल रेघ म्हणजे जुनी गाडी’ हे समीकरण संग्राहकांत रूढ झाले. परंतु जुन्या गाड्यांच्या नव्या आवृत्त्या कंपनीने स्वतःच नंतर लाल रेघेसह काढल्या आहेत. शिवाय जुनी चाके नव्या गाडीला बसवणारे हौशी कारागीर जगभर आहेत. तळ आणि वरचा सांगाडा जोडणाऱ्या रिव्हेटकडे पाहिल्याशिवाय आम्ही अशा गाडीची किंमत सांगत नाही. रिव्हेटच्या डोक्यावर ड्रिलची खूण असेल किंवा तिथे स्क्रू बसवलेला असेल, तर ती गाडी कधी तरी उघडली गेली आहे, आणि मग रंग, काच, चाके यांतले काहीच मूळचे आहे असे गृहीत धरता येत नाही.

हा धडा आम्ही स्वतःच्या पैशांनी घेतला आहे. इंग्लंडमधील लेस्नी कंपनीने १९६६ साली आठव्या क्रमांकाची मॅचबॉक्स मस्टँग काढली. तिच्या बाजूला एक छोटी दांडी असून ती सरकवली की पुढची चाके वळतात. ही गाडी सहसा पांढऱ्या रंगात मिळते, नारिंगी रंगातली फार दुर्मीळ. धंद्याच्या पहिल्या वर्षांत एक नारिंगी गाडी समोर आली तेव्हा विचार न करता ती घेतली. दाराच्या फटीत पांढरा रंग डोकावत होता, हे महिनाभराने लक्षात आले. ती गाडी आजही आमच्या काउंटरवर आहे आणि विक्रीला नाही.

मूल्यमापनाचे शुल्क का घेता, असे काही ग्राहक विचारतात. तळाचे साल वाचून सांगण्यासाठी शुल्क घेतले असते तर ती तक्रार रास्त ठरली असती. आम्ही प्रत्येक गाडी भिंगाखाली पाहतो, आमच्याकडच्या खात्रीच्या नगाशी रंगाची छटा, काचेचा रंग आणि रिव्हेट यांची तुलना करतो आणि निष्कर्ष लेखी देतो. ही रक्कम पुढील खरेदीतून पूर्ण वळती केली जाते. ज्यांना केवळ तोंडी अंदाज हवा आहे त्यांनी तळाचे, दोन्ही बाजूंचे आणि रिव्हेटचे जवळून काढलेले फोटो पाठवावेत. त्याचे आम्ही काहीही घेत नाही. फक्त वरून काढलेल्या एका सुंदर फोटोवरून काहीच सांगता येत नाही.

आपल्याकडच्या जुन्या कपाटांत सापडणाऱ्या गाड्यांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मॅटेलच्या परवान्याने भारतातच बनलेल्या हॉट व्हील्स ‘लिओ’ या नावाने विकल्या जात. अमेरिकेत कधीच न आलेल्या रंगांत त्यांतल्या काही गाड्या निघाल्या आणि त्यामुळे परदेशातील संग्राहक त्यांच्या शोधात असतात. इथेही तळावरचे साल कामाचे नाही. लिओचे नाव असलेले मूळ कार्ड शाबूत असेल तर ते गाडीइतकेच जपावे. ‘फाटके पुठ्ठे’ म्हणून ते रद्दीत दिल्याचे ऐकले की आम्हांला खरोखर वाईट वाटते. अशा कार्डासह असलेल्या गाड्या आम्ही नेहमी विकत घेतो.

पहिल्या सालाविषयी, म्हणजे खऱ्या मोटारीच्या सालाविषयी, एकच खुलासा करतो, कारण १९६४½ची फास्टबॅक मिळेल का, ही विचारणा दर महिन्याला होते. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. त्या उन्हाळ्यातील गाड्यांना शौकीन १९६४½ म्हणतात, पण फोर्डच्या कागदोपत्री त्या सर्व १९६५च्याच आहेत. त्या पहिल्या महिन्यांत फक्त हार्डटॉप (पक्क्या छपराची) आणि कन्व्हर्टिबल (उघड्या टपाची) मिळत असे. उतरत्या छपराची फास्टबॅक १९६४च्या शरद ऋतूत आली. म्हणून १९६४½ची फास्टबॅक असे खोक्यावर छापलेले दिसले, तर मॉडेल चांगले असूनही खोका लिहिणाऱ्याची चूक आहे असे समजावे. फास्टबॅकच हवी असेल तर कॉर्गी या खेळण्यांच्या कंपनीचे १९६५ सालचे ३२० क्रमांकाचे मॉडेल आम्ही आवर्जून सुचवतो. त्याची दारे उघडतात, दिव्यांच्या जागी चमकते खडे आहेत आणि मागच्या काचेखाली कॉर्गी जातीचे एक पिटुकले कुत्रे बसलेले असते. खरेदीपूर्वी ते कुत्रे जागेवर आहे का, हे जरूर पाहावे.

आकाराबाबत होणारे गैरसमजही थोडक्यात टाळता येतात. १९६५ची मस्टँग सुमारे ४.६१ मीटर लांब होती. त्यामुळे १:१८ प्रमाणातील मॉडेल सुमारे २५.६ सेंटिमीटर, १:२४चे १९.२, १:४३चे १०.७ आणि १:६४चे ७.२ सेंटिमीटर भरते. मागवण्यापूर्वी फूटपट्टी हातात घेऊन कपाटाची फळी मोजावी. हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्स यांना सरसकट १:६४ म्हटले जात असले तरी त्या ठरावीक खोक्यात मावतील अशा बेताने बनतात, तेव्हा त्यांच्याकडून मिलिमीटरचा हिशेब मागू नये. फोर्डच्या विक्रेत्यांसाठी एएमटी या कंपनीने काढलेली १:२५ची प्लॅस्टिकची मॉडेले हा निराळा विषय आहे. ती खऱ्या गाड्यांच्या रंगांत येत आणि त्यांची किंमत रंगाच्या मूळपणावरच ठरते.

प्लॅस्टिकची मॉडेले ठेवताना मऊ टायर थेट प्लॅस्टिकवर टेकू देऊ नयेत, कारण टायरमधील द्रव्य प्लॅस्टिकमध्ये उतरून तिथे कायमचा खड्डा पडतो. धातूच्या गाड्यांवर ब्रासो, थिनर किंवा टूथपेस्ट लावू नये. जुन्या हॉट व्हील्सच्या पारदर्शक चमकदार रंगाखाली दिसणारे काळसर डाग हे खालच्या धातूचे असतात. ते पुसल्याने जात नाहीत, उलट रंग मात्र जातो. कोकणातील ग्राहकांनी पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. ती आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक गाडीबरोबर दिली जाते.

गाडी कुरियरने पाठवायची असल्यास आधी टिश्यू पेपरमध्ये गुंडाळावी आणि मगच बबल रॅप लावावा. फुगीर प्लॅस्टिक महिनोन्‌महिने रंगाला चिकटून राहिले तर त्याचे गोल ठसे उमटतात. पार्सलमध्ये चिठ्ठी ठेवताना तळावर कोणता देश लिहिला आहे, बारीक अक्षर-अंकांचा संकेत आहे का आणि रिव्हेट शाबूत आहे का, या तीन गोष्टी लिहाव्यात. तळावरचे साल लिहिले नाही तरी चालेल.