सिपिओ आफ्रिकानस

सिपिओ आफ्रिकानस (इ. स. पू. सु. २३६–१८३) : रोम आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेज यांच्यातील दुसऱ्या प्यूनिक युद्धात कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचा पराभव करणारा रोमन सेनानी. पूर्ण नाव पब्लिअस कॉर्नेलिअस सिपिओ. त्याचा दत्तक नातू सिपिओ इमिलिएनस यालाही पुढे ‘आफ्रिकानस’ हेच बिरुद मिळाले, त्यामुळे दोघांची नेहमी गल्लत होते. इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज जाळून जमीनदोस्त केले ते नातवाने. आजोबाने तहावर भागवून शहर शाबूत ठेवले होते.

जन्म रोममधील एका बड्या उमराव घराण्यात. टिकिनस नदीकाठच्या लढाईत (२१८) जखमी बापाला शत्रूच्या गराड्यातून त्याने सोडवून आणले, असे सांगतात. एका जुन्या इतिहासकाराने मात्र याचे श्रेय एका गुलामाला दिले होते. दोन वर्षांनी कॅनी येथे हॅनिबलने रोमन सैन्याची कत्तल केली, तीतूनही तो वाचला. २११ मध्ये बाप आणि चुलता दोघेही स्पेनमध्ये लढताना पडले. तेव्हा कॉन्सल (रोमचे सर्वोच्च वार्षिक पद) किंवा प्रीटर (त्याखालचे पद) यांपैकी एकही पद न भूषवलेल्या या पंचविशीतल्या तरुणाला स्पेनच्या आघाडीचे सेनापतिपद देण्यात आले. रोमन रीतीत हे बसणारे नव्हते. पण रोमची तेव्हा रीत पाहण्यासारखी स्थिती नव्हती.

२०९ मध्ये त्याने नवे कार्थेज (आजचे कार्ताखेना) घेतले. त्याची सारी पद्धत या एका मोहिमेत दिसते. स्पेनमधील तीन कार्थेजी सेना शहरापासून दहा-दहा दिवसांच्या वाटेवर विखुरलेल्या होत्या. खजिना, शस्त्रागार आणि स्थानिक टोळ्यांकडून घेतलेले ओलीस मात्र सारे या शहरात होते, आणि शिबंदी तुटपुंजी. शहराच्या एका अंगाला खाजण होते. ते उथळ असून संध्याकाळी त्याचे पाणी ओसरते, हे त्याने कोळ्यांकडून आधीच काढून घेतले होते. सैनिकांना मात्र त्याने सांगितले, की समुद्रदेव नेपच्यूनने स्वप्नात येऊन मदतीचे वचन दिले आहे. वेशीवर हल्ला चालू असताना पाणी ओसरले, एक तुकडी खाजणातून चालत जाऊन मोकळ्या तटावर चढली आणि शहर एका दिवसात पडले. ओलिसांना त्याने सन्मानाने घरी पाठवले. बंदी तरुणीला तिच्या वाग्दत्त वराच्या स्वाधीन करून तिच्या सुटकेसाठी आलेले सोने आहेर म्हणून परत दिल्याची कथाही याच प्रसंगाची. युरोपीय चित्रकारांनी ती शतकानुशतके रंगवली. या औदार्यात राजकारणही होते : टोळ्या कार्थेजपासून फुटू लागल्या.

२०६ मध्ये इलिपाच्या विजयाने स्पेन कार्थेजच्या हातून गेले. २०५ मध्ये कॉन्सल झाल्यावर युद्ध आफ्रिकेत नेण्याचा बेत त्याने मांडला. वृद्ध रोमन सेनानी फेबिअस मॅक्सिमसने कडाडून विरोध केला. कॅनीच्या नामुष्कीची शिक्षा म्हणून सिसिलीत डांबून ठेवलेल्या पलटणी सिपिओने बरोबर घेतल्या. २०४ मध्ये तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील युटिकाजवळ उतरला. पुढच्या वर्षी तहाची बोलणी चालू ठेवून त्याने शत्रूच्या छावण्यांची टेहळणी करवली आणि रात्री त्या पेटवून दिल्या. त्याची थोरवी गाणाऱ्यांना हा प्रसंग थोडा अवघड जातो. अखेर कार्थेजने हॅनिबलला इटलीतून माघारी बोलावले.

झामाच्या लढाईत (२०२) हॅनिबलकडे ऐंशीच्या वर हत्ती होते. सिपिओने पायदळाच्या तुकड्या एकमेकींच्या बरोबर मागे उभ्या करून मध्ये सरळ बोळ ठेवले. कर्ण्यांच्या आवाजाने काही हत्ती बुजून उलटले, बाकीचे बोळांतून निघून गेले. पायदळांची झुंज मात्र अटीतटीची झाली. निकाल लागला तो सिपिओचा सहकारी लेलिअस आणि कार्थेजशेजारच्या न्यूमिडियाचा मॅसिनिस्सा यांच्या घोडदळामुळे. शत्रूच्या स्वारांना पिटाळून ते परतले आणि हॅनिबलच्या पिछाडीवर कोसळले. मॅसिनिस्सा आधी कार्थेजच्या बाजूने लढत असे. त्याला वळवून घेणे हा सिपिओचा विजय झामाहून लहान नव्हे. २०१ च्या तहाने कार्थेजवर ५० वर्षांत फेडायची १०,००० टॅलंट (चांदी मोजण्याचे वजन) खंडणी बसली, सर्व हत्ती गेले आणि फक्त दहा युद्धनौका उरल्या.

पुढे सेन्सॉरपद (जनगणना आणि नीतिमत्तेवर देखरेख करणारे पद) आणि दुसऱ्यांदा कॉन्सलपद मिळाले. सिरियाचा राजा अँटायोकस याच्यावरील मोहिमेत तो धाकट्या भावाबरोबर होता, पण मॅग्नेशियाच्या लढाईच्या दिवशी आजारी होता. या मोहिमेतील पैशांवरून राजकीय विरोधक केटोच्या गटाने भावांना घेरले. हिशेबाच्या वह्या मागताच सिपिओने त्या सेनेटसमोर फाडून टाकल्या. खटल्याचा तपशील रोमन इतिहासकार लिव्हीच्या काळीच इतका गुंतागुंतीचा झाला होता, की त्याने तसे स्पष्ट नोंदवले आहे. सिपिओ कँपेनियातील लिटर्नम येथे निघून गेला आणि तिथेच वारला. ‘कृतघ्न मायभूमी, माझी हाडेही तुला मिळणार नाहीत’ असे थडग्यावर कोरवल्याचे उत्तरकालीन लेखक सांगतात. सुमारे अडीचशे वर्षांनी तत्त्वज्ञ सेनेका त्या वाड्यात राहिला, तेव्हा तिथले अरुंद, अंधारे न्हाणीघर पाहून त्याला आपल्या काळातील चैनीची लाज वाटली.

सिपिओची कीर्ती बरीचशी घरच्या गोटातून आली, हे विसरू नये. मुख्य साधन ग्रीक इतिहासकार पोलिबिअस. तो नातू इमिलिएनसचा स्नेही होता आणि म्हाताऱ्या लेलिअसकडून त्याने आठवणी ऐकल्या होत्या. सिपिओचे यश दैवी कृपेचे नसून आखणीचे, हे ठसवण्याकडे त्याचा कल दिसतो. रोमन लेखक सिसेरोने स्वप्नात नातवाला विश्वाची रचना समजावणारा आजोबा रंगवला. तो मजकूर मध्ययुगात फार वाचला गेला. इटालियन कवी पीट्रार्कने सिपिओवर लॅटिन महाकाव्य लिहिले. १८४७ मध्ये मामेलीने रचलेल्या इटलीच्या आजच्या राष्ट्रगीतात जागा झालेला देश सिपिओचे शिरस्त्राण डोक्यावर चढवतो. फॅसिस्ट राजवटीनेही हे नाव वापरून घेतले : इथिओपिया जिंकल्यानंतर लगेच, १९३७ मध्ये, सरकारी पाठबळाने त्याच्यावर भव्य चित्रपट निघाला. सेनानी म्हणून त्याला नेपोलियनच्याही वर बसवणारा इंग्रज युद्धशास्त्रज्ञ लिडेल हार्ट याचा ग्रंथ १९२६ चा. तरीही लष्करी विचारवंतांना भुरळ पडली ती हॅनिबलच्या कॅनीची. जर्मन सेनाधिकारी श्लीफेनने वेढ्याचा आदर्श म्हणून तीच लढाई पुढे ठेवली.