एबी नेथन

एबी नेथन (१९२७–२००८) म्हणजे इस्रायलमधला शांततेसाठी झटणारा एक जबरदस्त माणूस, आणि आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये की त्यांचं लहानपण मुंबईत गेलं. जन्म इराणमधल्या आबादानचा, शाळा मुंबईत, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रॉयल एअर फोर्समध्ये पायलट, मग १९४८ला इस्रायलच्या बाजूने लढायला व्हॉलंटियर म्हणून गेले आणि तिथलेच झाले. त्या युद्धात त्यांनी स्वतः गावांवर बॉम्ब टाकले होते, त्याचं शल्य त्यांना आयुष्यभर राहिलं.

पुढे एल अल या विमान कंपनीत नोकरी, मग तेल अवीवमध्ये 'कॅलिफोर्निया' नावाचं कॅफे. १९६५च्या निवडणुकीत उभे राहिले आणि सांगितलं की मी विमान घेऊन इजिप्तला जाणार, तिथले राष्ट्राध्यक्ष नासर यांच्याशी बोलणार. निवडणूक हरले, पण शब्द पाळलाच! २८ फेब्रुवारी १९६६ला एका जुन्या छोट्या विमानातून, ज्याचं नाव त्यांनी 'शालोम १' (शालोम म्हणजे हिब्रूत शांतता) ठेवलं होतं, ते पोर्ट सईदला उतरले, तेही दोन्ही देश शत्रू असताना आणि कुणाचीही परवानगी नसताना. इकडे इस्रायलमध्ये विमान पडून ते गेले अशी बातमी पसरली आणि लोक अक्षरशः रडले. नासर काही भेटले नाहीत, इजिप्तने त्यांना परत पाठवलं.

नायजेरियातलं बियाफ्रा, ग्वाटेमाला, कंबोडिया, इथिओपिया, जिथे दुष्काळ-भूकंप-युद्ध तिथे मदत घेऊन हा माणूस हजर.

सगळ्यात मोठं काम मात्र 'व्हॉइस ऑफ पीस' हे रेडिओ स्टेशन. १९७३ पासून तेल अवीवसमोर, इस्रायलच्या सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून पॉप गाणी आणि शांततेचे मेसेज लागायचे, 'भूमध्य समुद्रात कुठूनतरी' अशी अनाउन्समेंट व्हायची, आणि रोज सूर्यास्ताला हिंसेत गेलेल्यांसाठी काही सेकंद शांतता पाळायचे. सीमेच्या दोन्हीकडची तरुण पोरं ऐकायची, हेच मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं.

तेव्हा पीएलओ या पॅलेस्टिनी संघटनेच्या लोकांना भेटणं इस्रायलमध्ये कायद्याने गुन्हा होता. नेथन उघडपणे तिचे नेते यासर अराफात यांना भेटले आणि त्यासाठी दोनदा जेलमध्ये गेले. १९९३ला तो कायदाच रद्द झाला, त्याच वर्षी इस्रायल आणि पीएलओमध्ये शांततेसाठीचा ऑस्लो करार झाला. पैसेही संपले होते, तेव्हा त्यांनी स्टेशन बंद केलं आणि जहाज स्वतःच समुद्रात बुडवलं.