तंबूत गळतं ते पाणी कुणाचं?

डिसेंबरात चोरल नदीच्या काठी मी आणि माझा पुतण्या मुक्कामाला होतो. इंदूरहून फार लांब नाही, पण शहराचा उजेड मागे पडतो. पावसाचा मागमूस नव्हता, आकाश चांदण्यांनी गच्च भरलेलं. पहाटे चारच्या सुमारास कपाळावर एक थेंब पडला. दुसरा थेट कानात. टॉर्च लावून पाहतो तर तंबूचं कापड आतून घामेजलेलं. घरी परतल्यावर दुकानदाराला फोन करून बरंच सुनावलं, की तुमचा वॉटरप्रूफ तंबू बिनपावसाचा गळतो! तो बिचारा ऐकून घेत राहिला. चूक माझीच होती. ते पाणी आम्हा दोघांच्याच अंगातून निघालेलं होतं.

हिशेब साधा आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे पाव लीटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. दोघांचं झालं अर्धा लीटर. आता दोघांच्या छोट्या तंबूत हवा असते जेमतेम दोन घनमीटर. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशाला साडेनऊ ग्रॅमही मावत नाही. म्हणजे थंडीत त्या तंबूतल्या सगळ्या हवेची ऐपत चहाच्या चार चमच्यांएवढी, आणि आपण तिच्यात अर्धा लीटर ओततोय. वाऱ्याने बाहेर नेलं तर ठीक, नाहीतर ते कापडावरच बसणार.

पण कापडावरच का? कारण रात्री ते हवेपेक्षाही थंड होतं. आपल्याकडे ‘शब-ए-मालवा’ची तारीफ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दिवसा कितीही तापलं तरी माळव्यातली रात्र सुखाची. त्या सुखामागचं एक कारण आणि माझ्या कानातला थेंब, दोन्हींचं मूळ एकच. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की ८ ते १३ मायक्रॉन लांबीच्या लहरींना वातावरण फारसं अडवत नाही, आणि उष्णता सरळ अंतराळाच्या वाटेला लागते. जमिनीकडे निदान दिवसभराची शिल्लक असते. तंबूचं कापड कागदासारखं पातळ, त्याच्या गाठीला काहीच नाही. ते झपाट्याने गार होतं आणि वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते.

दवाचं हे कोडं विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने १८१४ साली उलगडलं. लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके त्याने रात्री काही उघड्यावर, काही आडोशाखाली ठेवले आणि नंतर पुन्हा तोलले. आडोशाखालच्या लोकरीवर दव फारच कमी जमलं होतं. तंबू झाडाखाली लावला तर कोरडा राहतो तो याचमुळे, कारण वरच्या फांद्या आकाशापेक्षा कितीतरी उबदार असतात. (फांदी वाळकी नाही ना, हे मात्र आधी बघून घ्या.) आम्ही तर उघड्या वाळूवर, नदीच्या पात्रात, म्हणजे रात्री थंड, जड हवा उतारावरून येऊन साचते नेमक्या तिथेच पथारी पसरली होती.

आता तंबू निवडताना लोक पहिल्यांदा विचारतात तो वॉटरप्रूफपणाचा आकडा. तो असा काढतात: कापडावर पाण्याचा स्तंभ चढवत न्यायचा, आणि थेंब पाझरू लागतील तेव्हाची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची. पावसासाठी हा आकडा उपयोगाचा आहे. आपल्या वाफेबद्दल तो काहीच सांगत नाही. उलट, बाहेरचं पाणी आत न सोडणारा लेप बहुधा आतली वाफही बाहेर सोडत नाही.

दुहेरी तंबू, म्हणजे आत जाळी आणि वर वेगळं कापड असलेला, वाफ थांबवत नाही, फक्त ओलं कापड आपल्यापासून दूर ठेवतो. मधली जाळी थेंब झेलते. त्याचं वजन दोघांसाठी साधारण दीड-दोन किलो. एकेरी तंबू त्याहून बराच हलका, पण त्याला खाली फट आणि वर झरोका हवाच. सगळ्यात हलकी ती नुसती ताडपत्री, म्हणजे टार्प. चालायच्या काठ्यांवर ताणली की तंबूच्या दांड्यांचंही वजन वाचतं. चारी बाजूंनी वारा खेळतो. डासही खेळतात, म्हणून खाली मच्छरदाणी घ्यावी.

कापडाची गंमत वेगळीच. होळकरांच्या फौजेच्या राहुट्या सुती असणार. सूत भिजलं की धागे फुगतात, विणीतली छिद्रं बुजतात, पण भिजलेल्या कापडाला आतून बोट लावलं की तिथूनच पाझर सुरू. नायलॉनचं उलटं. त्याचे रेणू पाणी धरून ठेवतात, धागा लांबतो, संध्याकाळी ताठ बांधलेला तंबू पहाटे पोट सुटल्यासारखा लोंबतो आणि ओलं कापड तोंडावर येतं. पॉलिएस्टर जवळपास पाणी पीत नाही, म्हणून ताण टिकवतं. डायनीमा तर पाण्याहूनही हलक्या पॉलिथिलीनच्या धाग्यांचं. ते ना भिजत ना लांबत, फक्त किंमत ऐकून आपल्यालाच घाम फुटतो. माझं मत विचाराल तर माळव्यातल्या हिवाळ्याला पॉलिएस्टरचा टार्प पुरे. सह्याद्रीतल्या पावसाळ्याला मात्र दुहेरी तंबूचं ओझं मी मुकाट्याने वाहीन.

पुतण्याला हे सगळं पटलं नव्हतं. “काका, दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या, आता त्याचीच वकिली?” म्हणून जानेवारीत गच्चीवर टार्प बांधला, अर्धा टाकीजवळच्या पत्र्याच्या शेडखाली, अर्धा उघड्यावर. खाली कुणी झोपलं नाही. सकाळी पोहे-जिलेबी आणायला निघण्याआधी दोघं वर गेलो. शेडखालचा भाग कोरडा होता. उघड्यावरच्या भागावर त्याने बोटाने स्वतःचं नाव लिहिलं, आणि शेवटच्या अक्षरातून थेंब ओघळत खाली गेला.